सातव्या तबकडीची खरखर

धाकटीला घरात आणली ती थोरलीनंच. त्यामुळे पुढं जे काही झालं, त्याबद्दल दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोयही तिला राहिली नव्हती.

थोरली वेधशाळेच्या चित्रविभागाची प्रमुख होती. शहराबाहेरच्या उजाड माळावर मोठाल्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असत, आणि त्यांनी टिपलेल्या रेडिओलहरींतून चित्रं काढायचं काम टेकडीच्या पायथ्याशी एका दुमजली इमारतीत चाले. धाकटी तिथं शिकाऊ म्हणून आली आणि पहिल्याच आठवड्यात थोरलीच्या मनात भरली. मुलगी हुशार, कामाला चपळ, आणि एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला न लावणारी. थोरलीनं तिला हाताशी धरून शिकवलं आणि एका रविवारी घरी जेवायला बोलावलं. लग्नाचं नाव काढलं की चपला घालून बाहेर पडणारा तिचा दीर त्या दिवशी जेवणं झाल्यावर आपणहून भांडी घासायला उभा राहिला. सासूबाई थोरलीच्या कानाशी लागल्या, "हा जन्मात कधी भांड्याला शिवला नव्हता. काय ते समजून घे." वर्षाच्या आत ती शिकाऊ मुलगी थोरलीची जाऊ झाली, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि 'मॅडम' म्हणायची ती 'ताई' म्हणायला लागली. थोरली तेव्हा ज्याला त्याला सांगत सुटली होती, "माझी निवड आहे, माझी!"

वेधशाळेत थोरलीला गाळणीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडे. तबकड्यांकडून येतं ते मुळात चित्र नसतंच. तबकड्या मोजक्या, मधे मैलोन्‌मैल रिकामी जागा. त्यामुळे हाती लागतं ते अर्धंमुर्धं, आणि त्यातही यंत्रांची नि हवेची खरखर मिसळलेली. एक तारा असला तर तारा दिसतो आणि त्याच्याभोवती नसलेल्या कड्यांचं जाळंही दिसतं. थोरलीची रीत अशी, की त्या गिचमिडीतला सगळ्यात तेजस्वी ठिपका शोधायचा, त्याच्यापायी झालेली गिचमिड पुसायची, मग उरलेल्यातला सगळ्यात तेजस्वी ठिपका घ्यायचा, मग त्याची गिचमिड पुसायची. असं हजारो वेळा. आकडेमोड संगणक करी, पण ठिपके कुठं शोधायचे आणि कधी थांबायचं हे ती ठरवी. इतकी वर्षं हेच करून तिची नजर अशी तयार झाली होती, की दूरदूरच्या वेधशाळा आपली बिघडलेली चित्रं तिच्याकडे धाडत आणि चार दिवसांत आभाराचा निरोप येई.

लग्नानंतर धाकटी सहा महिने बाहेर शिकायला गेली आणि येताना नवी रीत घेऊन आली. महत्तम एन्ट्रॉपी असं तिचं भारदस्त नाव. आल्यावर पहिल्याच रविवारी जेवताना सासूबाईंनी विचारलं, "एवढं काय शिकून आलीस, ते आम्हाला कळेल असं सांग बघू."

धाकटीनं घास खाली ठेवला. "आई, समजा भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचं भांडण चाललंय. तुम्हाला मधले चारच शब्द ऐकू आले. त्या चार शब्दांवरून शंभर गोष्टी रचता येतील की नाही?"

"दोनशे," सासूबाई म्हणाल्या.

"त्या दोनशेही गोष्टी त्या चार शब्दांशी जुळतात. मग धरायची कुठली? ही रीत म्हणते, जिच्यात आपल्या पदरचं सगळ्यात कमी आहे ती. ऐकलेलं सोडायचं नाही, आणि न ऐकलेलं घुसडायचं नाही."

"बाई गं, हे आपल्या जिन्यात कुणाला शिकवू नकोस. सगळ्यांची तोंडं बंद पडतील."

टेबलाभोवती हशा पिकला. थोरलीच्या नवऱ्यानं विचारलं, "पण ऐकण्यातच गफलत झाली असली तर?"

"तोच तर मुद्दा आहे, दादा. खरखर किती आहे हे आधी तिला खरं खरं सांगावं लागतं. आहे त्यापेक्षा कमी सांगितली, तर ती खरखरीलाच बातमी समजते आणि नसलेलं दाखवायला लागते."

"काय डोकं आहे पोरीचं!" नवरा म्हणाला.

थोरलीही हसली होती, पण 'पदरचं' हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. म्हणजे मी इतकी वर्षं पदरचंच घालत होते की काय? धाकटीनं तसं म्हटलं नव्हतं. तसं तिच्या मनातही नव्हतं. पण त्या रात्रीपासून थोरलीला तिच्या साध्या बोलण्यातही टोमणे ऐकू यायला लागले.

हेवा काही एका दिवसात येत नाही. भिंतीत ओल चढावी तसा चढतो. आधी विभागातली दोन तरुण मंडळी आपली चित्रं घेऊन धाकटीच्या टेबलाशी जायला लागली. मग एका वेधशाळेनं थोरलीकडे पाठवलेलं चित्र 'जमल्यास नव्या रीतीनं करून पाहावं' अशी पुस्ती जोडून पाठवलं. मग संचालक, जे विभागात शिरले की आधी थोरलीच्या काचेवर टकटक करत, ते एक दिवस तसेच पुढं गेले. थोरलीनं मान खाली घालून कामात असल्याचं दाखवलं. त्यांना बहुधा ते दिसलंही नाही.

धाकटी उर्मटपणे वागली असती तर बरं झालं असतं. चार जणींना सांगता आलं असतं, की शिंगं फुटली बघा हिला. पण ती दुपारी स्वतः दोन कप चहा घेऊन थोरलीच्या खोलीत यायची. पाहुणे आले की म्हणायची, "मला हे सगळं ताईंनी शिकवलं." पाहुणे थोरलीकडे बघून प्रेमानं मान डोलवायचे, जशी शाळेतल्या जुन्या बाईंकडे बघून डोलवतात, आणि पुन्हा धाकटीकडे वळायचे. थोरलीला त्या गोड शब्दांपेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

अशात संचालकांनी दोघींना बोलावलं. एका म्हाताऱ्या ताऱ्याभोवती धुळीचं कडं असल्याची शंका होती. तबकड्यांनी आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवली होती.

"मोजणी एकच," संचालक म्हणाले. "चित्रं दोघी आपापल्या रीतीनं काढा. मोठ्या परिषदेला त्यातलं एक जाईल, आणि पुढं आपला विभागही त्याच रीतीनं चालेल. घरात भांडणं लागली तर मला दोष द्यायचा नाही हं!" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. धाकटीही हसली.

कुठल्या तबकडीची खरखर किती, हे आकडे नेहमी थोरलीकडून जायचे. तो तिचाच अधिकार होता. तिनं ते काढून धाकटीकडे पाठवलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावरच्या तंत्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, एक सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात सात नंबरच्या तबकडीचं थंड करायचं यंत्र अर्धवट चालत होतं. तिची खरखर नेहमीच्या तिप्पट धरा."

"बरं झालं सांगितलंत," थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

आपल्या मोजणीतून तिनं सातवी तबकडी लगेच वगळून टाकली. मग धाकटीला कळवायला म्हणून ती खुर्चीवरून उठली. काचेपलीकडं धाकटीच्या टेबलाभोवती पाच-सहा जण घोळका करून उभे होते, आणि ती हात हलवत काहीतरी सांगत होती. संचालकही तिथंच होते. ते हसत होते, खांदे हलवत, लहान मुलासारखे. इतक्या वर्षांत थोरलीच्या टेबलाशी ते असे कधी हसले नव्हते.

थोरली खाली बसली.

विचारलं तर सांगेन, असं तिनं स्वतःला बजावलं. आपण खोटं काही लिहिलेलं नाही. फक्त नवं कळवलेलं नाही. पण धाकटी विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ताईंचा आकडा म्हणजे तिच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. तिचं चित्र डागाळलेलं निघेल, चार लोक नाकं मुरडतील, 'नवी रीत अजून कच्चीच आहे' म्हणतील आणि गाडी पुन्हा रुळावर येईल. एवढंच थोरलीला हवं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

चित्रं दाखवायच्या दिवशी सभेची खोली भरून गेली. आधी थोरलीचं चित्र पडद्यावर आलं. कडं होतं, पण तुकड्यातुकड्यांचं. ठिपक्यांनी बनलेलं आणि मधेच तुटलेलं. सातवी तबकडी वगळल्यानं ते जास्तच फाटलेलं दिसत होतं. लोकांनी आदरानं माना हलवल्या. मग धाकटीचं चित्र आलं.

डाग नव्हते. काळ्याभोर आकाशात अखंड कडं होतं, आणि त्या कड्यावर ओवल्यासारखे तेजाचे मणी.

संचालक उठून पडद्याजवळ गेले. "हे मणी... म्हाताऱ्या ताऱ्याभोवती नवे ग्रह घडतायत की काय?" त्यांचा आवाज घोगरा झाला होता. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले. थोरलीनंही टाळ्या वाजवल्या. न वाजवून करते काय? करायला गेली एक आणि झालं भलतंच. जी खरखर तिनं लपवली होती, तीच सजूनधजून पडद्यावर येऊन बसली होती आणि लोकांनी तिला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

दुपारी धाकटी नेहमीसारखी चहा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता.

"ताई, खरं सांगू? मला ते मणी पटत नाहीत. सगळे एकसारखे, सारख्या अंतरावर. आकाश कधी इतकं शिस्तीत असतं का? तुम्ही एकदा नजर टाका ना."

थोरलीनं कप हातात घेतला. "तुझी रीत पदरचं काही घालत नाही ना? मग असतील मणी."

"मोजणीत काही घोटाळा नसेल ना?"

आतापर्यंत थोरली नुसती गप्प बसली होती. आता मात्र तिच्याकडे बघून, शांत आवाजात ती म्हणाली, "मोजणी दिली तशीच आहे."

धाकटीनं सुटकेचा श्वास टाकला. "मग ठीक आहे. तुम्ही म्हणताय म्हणजे झालं."

संध्याकाळी दिरानं केक आणला. सासूबाई फोन घेऊन बसल्या आणि एकामागून एक सगळ्या नातेवाइकांना सांगायला लागल्या, "आमच्या धाकटीनं ग्रहांची माळ शोधली. हो हो, माळ! आता ती कुणाच्या गळ्यात घालायची ते मला विचारू नका." वरच्या मजल्यावरच्या बाई मुलांना घेऊन धाकटीला बघायला आल्या. नवऱ्यानं केकचा तुकडा थोरलीच्या हातावर ठेवत विचारलं, "तुझंही चित्र होतं ना? ते कसं झालं?"

"ठीक."

"अगं, तिच्या यशात अर्धा वाटा तुझाच आहे की!"

थोरली न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि कडी लावून तशीच उभी राहिली. अर्धा कसला? ते मणी सगळेच्या सगळे तिचे होते.

एक गोष्ट तिला दिसत होती. वर्षभरात दुसरी कुठलीतरी वेधशाळा तोच तारा बघणार, त्यांना मणी सापडणार नाहीत, आणि धाकटी साऱ्या जगासमोर तोंडघशी पडणार. थोरलीला त्यासाठी बोटही उचलायचं नव्हतं. गप्प बसलं की पुरे. डोकं थंड असलेला वैरी असता तर गप्पच बसला असता. पण हेव्याला कुठला आलाय धीर? वर्षभरानंतरच्या फजितीसाठी आज, उद्या, परवा ही कौतुकं ऐकत राहायचं? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं स्वतःला दहा वेळा सांगितलं, थांब. दहाही वेळा तिला पटलं.

सकाळी बैठक होती. संचालक जाहीर करायचा मजकूर वाचत होते. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "आणि माझी एक सूचना आहे. या माळेला हिचंच नाव द्यावं. आकाशात आपल्या विभागातल्या कुणाचं नाव अजून लागलेलं नाही."

"ते मणी खोटे आहेत."

हे आपण बोललो, हे थोरलीला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं. ती उभी राहिली होती.

"सातव्या तबकडीची खरखर आहे ती. त्या आठवड्यात ती नेहमीच्या तिप्पट होती. तसा तंत्रज्ञाचा फोन आला होता."

धाकटीनं पटकन विचारलं, "तिप्पट?" ती अजून आकड्याचाच विचार करत होती. डोक्यात हिशेब चालू असल्यासारखे तिचे ओठ हलले. मग ते थांबले आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"फोन कधी आला होता?" संचालकांनी विचारलं.

"चित्रं काढायच्या आधी."

"आणि तुमच्या चित्रातून तुम्ही सातवी वगळलीत."

"हो."

कोपऱ्यातले एक जुने सहकारी पुटपुटले, "निदान वेळेवर सांगितलं तरी. मनाला लागलं असेल बिचारीच्या." थोरलीला त्या वाक्याच्या आडोशाला उभं राहता आलं असतं. पण तिला माहीत होतं, मनाला लागलं होतं ते वेगळंच. आकाशात धाकटीचं नाव लागणार होतं, तेवढं तिला सोसलं नव्हतं.

धाकटी उठून आपल्या टेबलाशी गेली. सातव्या तबकडीचा आकडा बदलून तिनं सगळं काम पुन्हा सुरू केलं. दिवसभर तिच्या टेबलाशी कुणी फिरकलं नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा थोरली तिच्या मागं जाऊन उभी राहिली. पडद्यावर चित्र हळूहळू बसत होतं. मणी एकेक करून विरघळत गेले. शेवटी उरलं एक शांत, अखंड कडं, आणि त्याच्या एका बाजूला अंगठ्यानं पुसल्यासारखी फिकी जागा. ती फिकी जागा थोरलीच्या चित्रातही होती, पण तिथल्या इतक्या तुटक्या जागांत ती कुणाला ओळखू आली नव्हती. तिला स्वतःलाही नाही.

इतकं प्रामाणिक चित्र तिनं आजवर पाहिलं नव्हतं. ते आपलं नाही, हे त्याही क्षणी तिला सलत होतं.

धाकटी मागं न वळता म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, ताई."

"हो."

"तुम्ही म्हणालात, मोजणी दिली तशीच आहे."

"हो."

"मी दुसऱ्या कुणाचाही आकडा तपासून घेतला असता. तुमचा नाही घेतला." तिचा आवाज फाटला. "आता जा तुम्ही. प्लीज."

परिषदेला ते शांत कडं गेलं. त्याचा गाजावाजा माळेइतका झाला नाही, पण दोन महिन्यांनी दुसऱ्या वेधशाळेलाही ती फिकी जागा सापडली, आणि मग जाणकारांनी धाकटीचं नाव घेतलं. विभाग तिच्याकडे गेला. थोरलीला संचालकांनी माळावर धाडलं, तबकड्यांच्या मोजणीवर देखरेख करायला. तबकड्यांच्या मधोमध एक पत्र्याची खोली, एक टेबल, एक पंखा. कागदावर ती बदली होती. शिक्षा आहे हे कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना कळलं.

घरी समोरचं दार बंद झालं. रविवारची जेवणं थांबली. दीर जिन्यात भेटला की 'काय वहिनी' एवढं म्हणून खाली उतरून जाई. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "का गं?" सासूबाई मात्र तेवढ्यावर थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"हेवा कुणाला वाटत नाही? मला माझ्या जावेचा इतका वाटायचा, की ती आजारी पडली की मला बरं वाटायचं. पण पोरी, धाकटी ज्या फांदीला धरून उभी होती, नेमकी तीच तू कापलीस. दुसरी एखादी शोधायचीस!"

त्यावर हसावं की रडावं ते थोरलीला कळेना. दुसऱ्या दिवशी तिनं समोरच्या दाराची घंटी वाजवली. धाकटीनं दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"माझं चुकलं," थोरली म्हणाली.

"माहीत आहे मला."

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मग धाकटीनं विचारलं, "अजून वाटतो का हेवा?"

नाही म्हणायला थोरलीनं तोंड उघडलं होतं. "वाटतो," ती म्हणाली. "रोज."

धाकटीला हसू आलं, ते तिला नको असताना आलं. "निदान हे तरी आकड्याबरहुकूम सांगितलंत," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, पण लावलंच.

पुढं बऱ्याच दिवसांनी, दुपारच्या उन्हात पत्र्याची खोली तापलेली असताना टेबलावरचा फोन वाजला. धाकटी होती. घरचं काही विचारलं नाही, सरळ कामावर आली. नव्या मोजणीत अकराव्या तबकडीची खरखर किती धरायची?

थोरलीनं आकडा सांगितला. तो तिनं सकाळीच स्वतः तबकडीखाली उभं राहून पाहिला होता. धाकटीनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं तंत्रज्ञ दारात आला आणि अवघडून म्हणाला, "मॅडम, आत्ता विभागातून फोन होता. अकरा नंबरचा आकडा मलाही विचारला त्यांनी."

थोरलीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतकी वर्षं जिचा शब्द अखेरचा होता, तिचा आकडा आता दुसऱ्याला विचारून ताडून बघतात! संध्याकाळी गाडीत बसायच्या आधी मात्र तिनंच फोन लावला.

"दोघांचे आकडे जुळले का?"

धाकटी म्हणाली, "जुळले."

"दर वेळी त्यालाही विचारत जा," थोरली म्हणाली. ते म्हणायला तिला फार जड गेलं. "मी सांगितलं तरी विचारत जा."

"विचारणारच आहे," धाकटी म्हणाली. मग जरा थांबून, "रविवारी आई जेवायला बोलावतायत. आम्ही येतोय."

"या," थोरली म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं.